काइया सारिआहो यांच्यासारखं संगीत रचून आयुष्य उभं राहतं का?

अनगोळचा_मामा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परवा रात्री पावसात आमच्याकडं बेळगावात दोन तास लाईट नव्हती. भाची शेजारी येऊन बसली. बारावी झाली तिची, नऊ वर्षं व्हायोलिन शिकते. हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली आणि म्हणाली, "मामा, मध्येच बोलायचं नाही हां."

पाव तासाहून थोडं जास्त चाललं ते. सुरुवातीला एकच सूर धरून ठेवलेला. मग त्या सुरावरच हळूहळू लव उठल्यासारखं झालं. कुणीतरी गज जास्त दाबतंय, तारेतून खर येते, बासरीत सुरापेक्षा श्वासच जास्त, आणि परत सगळं निवळतं. चाल अशी नाही, ठेका नाही. तरी मी हललो नाही. बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं ते त्यातलंच वाटायला लागलं.

रचनेचं नाव 'लिख्टबोगन', १९८६ ची. नऊ वादक आणि वाजतानाच आवाजावर प्रक्रिया करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. रचनाकार काइया सारिआहो, फिनलंडच्या. उत्तर ध्रुवाकडं आकाशात जो प्रकाश नाचतो तो बघून सुचलेली रचना आहे म्हणे.

नंतर मी दोन दिवस बाईंबद्दलच वाचत बसलो. जन्म हेलसिंकीचा, १४ ऑक्टोबर १९५२. आधी चित्रकलाही शिकल्या, मग सिबेलियस अकादमीत पावो हाइनिनेन यांच्याकडं रचना. १९७७ मध्ये माग्नुस लिंडबर्ग, एसा-पेक्का सालोनेन अशा बरोबरीच्या पोरांनी मिळून एक गट काढला, नाव 'कोर्वात आउकी', म्हणजे 'कान उघडा'. पुढं जर्मनीत फ्रायबुर्गला ब्रायन फर्नीहो आणि क्लाउस हूबर यांच्याकडं, आणि १९८२ पासून पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत. तिथंच स्थायिक झाल्या. २ जून २०२३ ला पॅरिसमध्ये वारल्या.

हेडफोन काढल्यावर भाचीनं विचारलं, "मामा, हे शिकलं तर पोट भरतं काय?"

बँकेत तेहेतीस वर्षं मी लोकांची कर्जाची प्रकरणं तपासली. कुणाचा धंदा चालेल, कुणाचा नाही, हे कागद बघून सांगायचो. तिला मात्र काही सांगता आलं नाही. म्हणून इथं विचारतोय. या बाईंचं आयुष्य या कामावर उभं राहिलं कसं? आणि आमच्यासारख्या ख्याल ऐकून मोठं झालेल्या माणसानं यातलं काय ऐकावं, कुठून सुरुवात करावी?

मलप्रभेकाठी

वाचतोय मामा. बाईंच्या लहानपणाची एक गोष्ट मला फार आवडते. रात्री झोपताना त्यांना उशीतून संगीत ऐकू यायचं. आईला सांगायच्या, उशी बंद कर. ते त्यांच्याच डोक्यात चालू असायचं.

गणपत_गल्ली

आमच्या आईनं ऐकून विचारलं, मिक्सरचं बेअरिंग गेलं काय रे. :)

जवारी_जुळली

मामा, ख्याल ऐकून मोठं झालेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. उलट आपल्याला सोपं जावं.

माझं अर्धं आयुष्य तंबोऱ्यात गेलं. मिरजेत ज्यांच्याकडं मी शिकलो ते घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवायचे. सरकवायचे म्हणजे किती? केसभर. दोरा नसला की तार 'टण्ण' करते आणि विझते. योग्य जागी आला की तीच तार उघडते, आतून एकेक सूर बाहेर यायला लागतो. वरचा षड्ज, पंचम, आणि मन लावून ऐकलं तर खर्जाच्या तारेतून गंधार. गंधाराची तार तंबोऱ्याला लावलेलीच नसते! दोरा आणखी जरा सरकवला की हे सगळं विस्कटून नुसती झणझण उरते. स्वच्छ सूर एका टोकाला, झणझण दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या केसभर जागेत सगळा खेळ. त्यालाच जवारी म्हणतात.

सारिआहोबाईंचं संगीत याच केसभर जागेत राहतं. १९८७ च्या एका लेखात त्यांनी मांडणी केली आहे. जुन्या पाश्चात्त्य संगीतात संवादी-विसंवादी स्वरांमुळं जो ताण येतो आणि सुटतो, तो त्यांनी नादाच्या पोतातून आणला. काचेसारखा सूर म्हणजे विसावा, खरखरीत गोंगाट म्हणजे ताण. 'लिख्टबोगन'साठी त्यांनी चेलोचे आवाज संगणकानं उलगडून बघितले. गज दाबत गेलं की सूर कसा फुटतो आणि त्यातून कुठले स्वरांश (एका सुरात दडलेले वरचे सूर) निघतात, ते मोजलं, आणि तेच नऊ वाद्यांत वाटून दिलं. मामांना जी 'लव' दिसली ती हीच.

आपल्याकडं सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या तारांवर लिहिलं होतं. तार जिथं छेडतो तिथं ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू (न हलणारी जागा) येतो, तो स्वरांश नियमानं उमटायला नको. तंबोऱ्यात तो उमटतो. कारण घोडीचा तो रुंद, किंचित उतरता माथा. आपल्या कारागिरांनी हे हातानं साधलेलं आहे.

कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. तंबोरे जुळवायला ते किती वेळ घ्यायचे हे ज्यांनी बघितलंय ते आजही सांगतात. तो वेळ मैफलीतलाच होता, असं मी मानतो.

चिकोडीचा_पाहुणा

सगळ्यांची माफी मागून बोलतो. मला पटलं नाही.

मी ऐकलं. 'व्हेर ल ब्लां' म्हणून १९८२ ची रचना आहे, तीन सुरांचा एक पुंजका पंधरा मिनिटं सरकत सरकत दुसऱ्या तीन सुरांवर जातो. बस्. इतका सावकाश की सरकताना कळतच नाही. आवाजही माणसाचा नव्हे, संगणकानं बनवलेला गळा. जवारीवाले सर तंबोऱ्याचं म्हणाले ते शंभर टक्के बरोबर, पण तंबोरा म्हणजे गाणं नव्हे ओ. तंबोरा म्हणजे अंगण. अंगण सारवून, रांगोळी घालून बसायचं आणि घरात पाहुणा यायचाच नाही, असं वाटलं मला.

आणि मामा, नऊ वर्षं व्हायोलिन शिकलेल्या पोरीनं आता तारेतून खरखर काढत बसायची काय? तिच्या गुरुजींना विचारलात काय?

अनगोळचा_मामा

पाहुणे, माफी कशाला. अंगणाची उपमा मनाला लागली. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, गज दाबून खर काढायची असेल तर काढू दे, पण ती कधी येते आणि कधी जाते हे तिच्या हातात असलं पाहिजे.

चिकोडीचा_पाहुणा

गुरुजी मोठे आहेत. एवढं मान्य.

शहापूर_ते_श्टुटगार्ट

मूळचा शहापूरचा, आता अकरा वर्षं जर्मनीत. नोकरी सॉफ्टवेअरची, पण संध्याकाळी मैफली ऐकत हिंडतो. बाईंची 'नेंफेआ' (१९८७) इथल्या एका लहान सभागृहात ऐकली. क्रोनोस क्वार्टेटसाठी लिहिलेली आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो आणि इलेक्ट्रॉनिक्स.

मी चेलोवाल्यापासून चार हातांवर बसलो होतो. वाद्यांना बारीक माईक लावलेले. गज घोडीच्या इतका जवळ न्यायचा की सुराऐवजी काच घासल्यासारखी शीळ निघते, आणि ती शीळ मागच्या स्पीकरमधून फिरून आपल्या पाठीवर येते. शेवटाकडं वादक कुजबुजायला लागले. वाजवता वाजवताच. आर्सेनी तार्कोव्स्की या रशियन कवीची कविता आहे ती. शब्द कळत नाहीत, ओठ हलताना दिसतात. सभागृहात कुणी खोकलं नाही. संपल्यावर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडं बघून फक्त मान हलवली. मी शहापूरच्या विठ्ठल मंदिरात काकड आरतीला बसायचो आजोबांबरोबर, पहाटे, तेव्हाची ती शांतता आठवली. सारखेपणा कशात ते सांगता येणार नाही.

आता मामांच्या प्रश्नाकडं. करिअर.

एक, पाठीशी व्यवस्था होती. फिनलंड लहान देश, पण गावोगावी सरकारी मदतीवर चालणाऱ्या संगीतशाळा आहेत आणि कलावंतांना वर्षा-वर्षांची सरकारी अनुदानं मिळतात. इर्काम ही रचनाकार पिएर बुलेझ यांच्या पुढाकारानं १९७७ मध्ये सुरू झालेली संस्था, पाँपिदू केंद्राच्या शेजारी, बरीचशी जमिनीखाली. रचनाकार आणि इंजिनिअर शेजारी शेजारी बसतात तिथं. तिशीतल्या बाईंना तिथं यंत्रं मिळाली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ मिळाला.

दोन, कामं मागणीवरून येतात. वाद्यवृंद, महोत्सव, एखादा वादक रचना मागतो आणि पैसे देतो. रचना वाजली की मानधनात भर पडते. एका रचनेतून दुसरी मागणी येते.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, बाईंनी माणसं धरून ठेवली. बासरीवादक कमिला होइटेंगा, चेलोवादक आन्सी कार्टुनेन, 'कान उघडा' गटातले सालोनेन. तीस-चाळीस वर्षं हीच माणसं. 'सेत पापियों' (२०००) ही एकट्या चेलोची रचना कार्टुनेन यांच्यासाठी, २००६ चा चेलो कन्चेर्टोही (एकटा चेलो आणि वाद्यवृंद यांची रचना) त्यांच्यासाठीच. आपल्याकडं एखाद्या गवयाचा तबलजी जन्मभर तोच असतो ना, तसं.

तिसऱ्या_गेटजवळ

धागा जपून ठेवला. श्टुटगार्टकर, काकड आरतीचं वाचून गलबललं.

निपाणीची_लेक

मी बांसुरी वाजवते म्हणून 'नोआनोआ' (१९९२) बद्दल लिहिते. एक बासरी आणि इलेक्ट्रॉनिक्स, होइटेंगांबरोबर बसून घडवलेली रचना. फ्रेंच चित्रकार गोगँच्या लाकूडकोरीव चित्रावरून नाव. वादिकेच्या पायाशी पेडल असतं. ते दाबलं की आधी ध्वनिमुद्रित केलेले बासरीचे आणि बोलण्याचे आवाज सुटतात. ती बासरीत बोलतेही. फुंकता फुंकता शब्द सोडायचे, अर्धा शब्द सूर होतो, अर्धा श्वास राहतो.

मी हे आमच्या बांसुरीवर करून बघितलं. पाश्चात्त्य बासरीला चाव्या असतात, त्यांची टकटक आपल्याला मिळत नाही. काही जोडसूरही निघत नाहीत. पण बोलणं निघतं! खालच्या षड्जावर ओठ सैल ठेवून "ये" म्हणा, वेळूत ते "ये" कितीतरी वेळ राहतं. पंधरा वर्षं मी श्वासाचा आवाज लपवायला शिकले. रियाजात तोच दोष मानायचे. त्या रात्री पहिल्यांदा तो आवाज मुद्दाम मोठा केला आणि मला रडू आलं. का ते माहीत नाही.

आणखी एक. मामा, भाची मुलगी आहे म्हणून हे सांगायलाच हवं. बाई शिकायला गेल्या तेव्हा, ही पोरगी उद्या लग्न करून जाणार, हिच्यावर वेळ कशाला घालवा, असं म्हणून काही शिक्षकांनी त्यांना शिकवायचं नाकारलं होतं. त्यांनी ते मुलाखतींत सांगितलंय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात बाईमाणसानं रचलेला ऑपेरा १९०३ मध्ये एकदा झाला, एथेल स्मिथ यांचा. त्यानंतरचा दुसरा थेट २०१६ मध्ये, तो सारिआहोंचा. एकशे तेरा वर्षं! दोन मुलं वाढवून त्यांनी हे केलं. मुलगी व्हायोलिन वाजवते, संचालनही करते.

मलाही लग्न ठरताना एका घरी विचारलं होतं, बासरी सुटेल ना हळूहळू. नाही सुटली.

जवारी_जुळली

निपाणीच्या ताई, "ये" चं वाचून आत्ता उठून बासरी शोधली घरात. पुतण्यानं कपाटावर टाकली होती.

वडगावचा_धोटा

मी पहिल्यांदाच लिहितोय. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे चार माग होते, आता दोन चालतात. लहानपणापासून त्या आवाजातच झोपलोय. माग बंद पडला की जाग यायची.

गेल्या दिवाळीत मी आमच्या मागाचा आवाज घेतला. साधा माईक नाही, पिझो चकती. वीस-तीस रुपयाला इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळते, वायर जोडून मागाच्या लोखंडी चौकटीला चिकटपट्टीनं चिकटवायची. मग हवेतला नाही, लोखंडाच्या आतला आवाज येतो. धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीत आदळतो, तो ठोका आठपट सावकाश केला तर पखवाजाच्या डाव्या तोंडासारखा लागतो. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये चौकटीत एक सूर राहतो. कायम तिथंच असतो तो, आमच्या बाबांनी चाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. हेडफोन लावून दिला त्यांना. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, दोन नंबरच्या मागाचं बेअरिंग सैल आहे बघ. खरंच होतं.

त्या सुरावर मी सात मिनिटांचं एक बांधलं, वर मित्राचं व्हायोलिन. एका स्नेहसंमेलनात वाजवणार होतो. आदल्या दिवशी सांगितलं, मशीनचा आवाज कशाला, दोन मिनिटांत उरक, आणि शेवटी तेही यादीतून काढलं. आई-बाबा नवे कपडे घालून येऊन बसले होते.

नंतर वाचताना कळलं, १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर पिएर शेफर यांनी रेल्वे इंजिनांचे आवाज मुद्रित करून त्यांचीच रचना केली होती. तिथून ही परंपरा सुरू होते. सारिआहोंच्या इलेक्ट्रॉनिक कामामागं हेच आहे, फक्त त्यांनी हाडामासाच्या वादकाला कधी सोडलं नाही. मला तेच करायचं आहे. माग पाहिजे आणि व्हायोलिनही.

अनगोळचा_मामा

धोटा, बाळा, ते सात मिनिटांचं मला पाठव. पूर्ण.

चिकोडीचा_पाहुणा

मलाही पाठव. मला संगीत पटत नसेल, पण आई-बाबा येऊन बसलेले असताना यादीतून नाव काढणं मला अजिबात पटत नाही.

अहमदाबाद_रिटर्न

धोटाच्या निमित्तानं थोडं विषयांतर. हे सगळं तिकडचं, आपल्याकडं नव्हतंच, असा समज असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर बनवणारं यंत्र, आणला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर स्वतः येऊन बसवून गेले. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी तिथं काम केलं. थोड्या वर्षांत ते थांबलं, फिती कपाटात राहिल्या. पुढं पॉल पुर्गास या ब्रिटिश कलावंताला त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. याच गीता साराभाईंनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन रचनाकार जॉन केज यांना आपलं संगीत शिकवलं होतं.

मी त्या संस्थेत दोन वर्षं होतो. त्याच कपाटांसमोरून रोज जायचो, आत काय आहे हे ठाऊक नव्हतं. सारिआहोंच्या वयाची एखादी मुलगी तेव्हा त्या स्टुडिओत राहू शकली असती, तिला दहा वर्षं तिथं बसू दिलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. श्टुटगार्टकर म्हणतात तो 'वेळ' आपल्याकडं कुणी कुणाला दिला नाही.

रविवार_पेठेतून

सहमत. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. मला या बाईंपर्यंत भाषेनं नेलं.

त्यांचा शेवटचा ऑपेरा 'इनोसन्स', २०२१ मध्ये फ्रान्समध्ये एक्स-आं-प्रोव्हान्सला झाला. गोष्ट हेलसिंकीतल्या एका लग्नाच्या जेवणाची. दहा वर्षांपूर्वी एका आंतरराष्ट्रीय शाळेत गोळीबार झालेला, मुलं गेलेली, आणि ते दुःख त्या मांडवात येऊन उभं राहतं. पात्रं नऊ भाषांत बोलतात-गातात. फिनिश, इंग्रजी, फ्रेंच, स्वीडिश, जर्मन, चेक, रोमेनियन, स्पॅनिश, ग्रीक. बाईंनी प्रत्येक भाषेचा नाद धरून त्या पात्राचं संगीत लिहिलंय. कुणी गातं, कुणी तालात नुसतं बोलतं. मेलेली मुलगी फिनिश लोकगायनाच्या ढंगात गाते, उंच, हाकेसारखं.

आमचं दुकान रविवार पेठेत. सकाळी हमाल कन्नडमध्ये हाका मारतात, पलीकडचे चाचा उर्दूत भाव करतात, खानापूरकडच्या बायका कोकणी मिसळलेल्या मराठीत भांडतात, आणि मी बाकी कुठल्याही भाषेत बोललो तरी आकडे मराठीतच मोजतो. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर आमच्याकडं पिढ्या खपल्या. पण भाषेचा आवाज कसा असतो, हे ऐकायला कुणी बसलं नाही. मी त्या ऑपेराची ध्वनिफीत ऐकली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पंधरा मिनिटं नुसता गल्ल्यावर बसून ऐकत राहिलो. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटी स्वर मोकळा राहतो, हाक लांबवता येते. मराठी शब्द बऱ्याचदा व्यंजनावर आपटून थांबतो. "माल आला" आणि "मालु बंतु" यांचा ठोका किती वेगळा आहे!

मलप्रभेकाठी

रविवार पेठ, हे वाचून मी आता बाजारात शांतपणे जाऊ शकणार नाही.

चिकोडीचा_पाहुणा

परत आलो. चार दिवस लिहिलं नाही कारण ऐकत होतो.

गळ्याचं काहीतरी द्या म्हणून 'लामुर द ल्वाँ' लावलं, २००० मध्ये साल्झबुर्गला झालेला बाईंचा पहिला ऑपेरा. शब्द लेबनॉनमधून फ्रान्सला गेलेल्या अमीन मालूफ यांचे. बाराव्या शतकातला फ्रान्सचा एक कवी-सरदार, न बघितलेल्या बाईवर प्रेम करतो. ती समुद्रापलीकडं त्रिपोलीला. मधला यात्रेकरू निरोप नेतो आणि आणतो. शेवटी कवी जहाजात बसतो, वाटेतच आजारी पडतो आणि पोचल्यावर तिच्या मांडीवर मरतो. तीनच पात्रं आणि कोरस. बाकी सगळा समुद्र. तो समुद्र वाद्यवृंद आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून करतात.

सांगायचं म्हणजे, माझा धाकटा भाऊ दुबईला आहे, नऊ वर्षं. आई त्याच्याशी रोज फोनवर बोलते. नेटवर्क गेलं की ती फोन कानाला तसाच लावून बसते, खरखर ऐकत. मी म्हणतो, अगं ठेव, कट झालाय. ती म्हणते, असू दे. चौथ्या अंकात तो समुद्र सुरू झाला आणि मला आई दिसली.

'व्हेर ल ब्लां' अजून आवडलेलं नाही. ते अंगणच आहे. पण या बाईंच्या घरात पाहुणा येतो, एवढं मागं घेतो.

आणि मामा, तुमच्या प्रश्नाचा हिशोब मी केला. इर्कामला गेल्या तेव्हा वय तीसच्या आत-बाहेर. पहिला ऑपेरा रंगमंचावर आला तेव्हा सत्तेचाळीस पूर्ण. ग्रावेमायर हा संगीतरचनेचा पुरस्कार २००३, म्हणजे पन्नाशीत. न्यूयॉर्क चौसष्टाव्या वर्षी. पोलर हा संगीताचा पुरस्कार त्याआधी, २०१३ मध्ये. आमच्याकडं ऊस अठरा महिन्यांत तुटला नाही तर शेतकरी घाबरा होतो. भाचीला सांगा, हे पीक आंब्याचं आहे.

निपाणीची_लेक

पाहुणे, आईंना नमस्कार सांगा.

शहापूर_ते_श्टुटगार्ट

पाहुण्यांसाठी एक: 'शातो द लाम' (१९९६) ऐका. पाच गाणी, सोप्रानो (उंच पट्टीची गायिका), बायकांचा कोरस आणि वाद्यवृंद. शब्द आपल्याकडच्या वैदिक आणि प्राचीन इजिप्तच्या रचनांवरून, फ्रेंचमध्ये. आणि त्यांची अखेरची रचना 'हश', ट्रम्पेट कन्चेर्टो. आजारपणात लिहिली. पहिलं सादरीकरण ऑगस्ट २०२३ मध्ये हेलसिंकीला झालं, तेव्हा त्या नव्हत्या.

अनगोळचा_मामा

सगळे प्रतिसाद भाचीला वाचून दाखवले. जेवणं राहिली त्या नादात. खालचा मजकूर तिचा, टाइप मी केलाय.

"सगळ्यांना नमस्कार. धोटादादा, तुमची सात मिनिटं मी सहा वेळा ऐकली. तुमच्या दोन नंबरच्या मागाचा सूर माझ्या व्हायोलिनच्या मधल्या एका तारेपेक्षा किंचित उतरलेला आहे. मी तार उतरवून त्याला मिळवली. मग गज घोडीपाशी नेऊन हळू दाबत गेले, आणि एका जागी माग कुठला आणि मी कुठली हे मलाच कळेना. ती जागा मला परत परत सापडत नाही. पाचात एकदा सापडते. गुरुजी म्हणाले तसं ती हातात यायला हवी.

पोट भरण्याचं विचारलं ते भीतीनं विचारलं होतं. आता ठरवलंय की पदवी इथंच करायची, व्हायोलिन चालू ठेवायचं, सकाळी लहान मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या म्हणजे माईकचे पैसे निघतील. तीन वर्षांत तीन रचना, खऱ्या वादकांसाठी. निपाणीच्या ताई, एक तुमच्या बांसुरीसाठी लिहू का? तुम्ही 'ये' म्हणालात तसं पाहिजे.

जवारीवाले आजोबा, आमच्या आजीचा तंबोरा माळ्यावर आहे. जवारी गेलेली आहे. दोरा सरकवताना तारेचं काय होतं ते मला पिझो चकती लावून ऐकायचं आहे. शिकवाल का?"

तंबोरा मी काल उतरवला. भोपळ्याला एक केस गेल्यासारखी रेघ दिसते, बाकी ठीक. मिरजेला न्यायचं म्हणतोय.

वडगावचा_धोटा

चकती मी आणतो. दोन आणतो, एक घोडीला, एक भोपळ्याला.

निपाणीची_लेक

लिही गं. पण सोपं लिहू नकोस.

जवारी_जुळली

शनिवारी या, सकाळच्या गाडीनं. घोडी काढू नका, तारा अर्ध्या सैल करा, भोपळ्याला जुनं गोधडं गुंडाळा आणि गाडीत मांडीवर घ्या, वर फळीवर ठेवू नका. रेघ बघून सांगतो, बहुतेक सरसानं भागेल. सूत माझ्याकडं आहे. मुलीला व्हायोलिन घेऊन यायला सांगा.

अनगोळचा_मामा

तिघं येतोय. पाहुणे, तुम्ही चिकोडीहून थेट मिरजेला येता काय?

चिकोडीचा_पाहुणा

येतो की. आईला घेऊन येतो, चालेल काय?

जवारी_जुळली

चालेल. दुपारचं जेवण आमच्याकडं.